दूध संस्थेच्या नोंदींवर पिव्हट टेबल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या दूध संस्थेत १४० सभासद दूध घालतात. सगळ्यांनी दोन्ही वेळा घातलं तर दिवसाला २८० नोंदी होतात आणि दहा दिवसांच्या बिलाला २,८००. प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. पूर्वी मी हे सगळं एक्सेलमध्ये टाकायचो, वर फिल्टर लावायचो, एकेक सभासदाचा कोड निवडायचो आणि खाली आलेली बेरीज कागदावर उतरवून घ्यायचो. असं १४० वेळा. बिलाच्या आदल्या रात्री एक-दीड वाजायचा. पिव्हट टेबल शिकल्यापासून तेच काम चहा गार व्हायच्या आत होतं.

एक्सेलमध्ये बेरीज जमते, पण पिव्हट टेबल कधी उघडलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरण दुधाचं घेतलंय, कारण माझ्या रोजच्या हातातलं तेच आहे. तुमच्याकडे दुकानाची उधारी असेल, सोसायटीचा मेंटेनन्स असेल किंवा बचत गटाचे हप्ते असतील, तरी रीत हीच.

पिव्हट टेबल करतं काय, तर लांबलचक नोंदींची थोडक्यात गोळाबेरीज. तुम्ही एक रकाना दाखवायचा, समजा सभासदाचा कोड. ते त्यातला प्रत्येक कोड एकदाच घेतं, त्याच्या सगळ्या नोंदी शोधतं आणि समोर बेरीज मांडतं. मग तुम्ही कोडाऐवजी तारीख पुढे केली की तेच आकडे तारखेप्रमाणे लागतात. पिव्हट म्हणजे ज्याभोवती फिरायचं तो आस. कल्पना आजची नाही. पिटो सालास यांनी लोटस कंपनीत असताना ती मांडली, १९९१ मध्ये नेक्स्ट संगणकासाठी आलेल्या ‘इम्प्रूव्ह’ या प्रोग्राममध्ये ती लोकांनी पाहिली, आणि १९९३ च्या एक्सेल ५ पासून ती आपल्या ऑफिसांमध्ये शिरली.

आधी वही नीट करा

खरं काम इथेच आहे. पिव्हट टेबल येत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक फायलींमध्ये दोष नोंदींचा होता, पिव्हटचा नव्हे.

एका ओळीत एकच नोंद हवी. आमच्या जुन्या वहीत सभासदाचं नाव डावीकडे आणि पुढे १ तारीख सकाळ, १ तारीख संध्याकाळ, २ तारीख सकाळ असे रकाने आडवे पसरलेले असायचे. कागदावर ते छान दिसतं, पण पिव्हटला असं आडवं पसरलेलं चालत नाही. त्याला उभी यादी लागते: तारीख, पाळी, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. उद्या सकाळी कोड ४७ चं दूध आलं की खाली एक नवी ओळ, बस. यादी लांब होते म्हणून घाबरू नका. १४० सभासदांचं वर्षभराचं दूध धरलं तरी १,०२,२०० ओळी होतात आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात.

सगळ्यात वरच्या ओळीत रकान्यांची नावं, आणि एकही नाव रिकामं नको. नाव रिकामं राहिलं की एक्सेल पिव्हट करायलाच नकार देतं. एकत्र केलेले म्हणजे मर्ज केलेले सेल सोडवा. मध्येच दिलेल्या ‘आजची एकूण’ अशा ओळी काढून टाका, नाहीतर तेच दूध दोनदा मोजलं जाईल.

तारखेकडे फार बारीक बघा. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर तो महिना आधी धरतो. तुम्ही ०३/०४ टाकलं ३ एप्रिलसाठी, तो समजला ४ मार्च. १३ तारखेपासून तर त्याला महिनाच सापडत नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन बसते. ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याची जुळवणी तुम्ही बदललेली नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. १ ते १२ उजवीकडे आणि १३ पासून डावीकडे दिसलं की समजा घोळ झालाय. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडा. आधीच आलेल्या फाइलसाठी मात्र मूळ फाइल नव्याने आयात करून, तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगणं सगळ्यात सुरक्षित. उलट्या झालेल्या तारखा दिसायला बरोबरच दिसतात, एकेक शोधून दुरुस्त करत बसलात तर काही हमखास सुटतात.

आता मराठीत काम करणाऱ्यांची खास अडचण. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि दोन संध्याकाळी यात गेल्या. पिव्हटमध्ये एकाच माणसाच्या दोन ओळी येत होत्या. आडनाव ‘कऱ्हाडकर’. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. शेवटी कळलं की अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलंत लावतात, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक न दिसणारी जोडखूण. डोळ्यांना एकच शब्द दिसतो, संगणकाला दोन वेगळे. ‘ॲ’ चंही तसंच आहे. ते एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. सकाळी एक जण नोंद करतो, संध्याकाळी दुसरा, दोघांचे कीबोर्ड वेगळे, की झालं.

म्हणून माझं ठाम मत: नोंद नेहमी कोडावर करा, नावावर नको. नावांची यादी वेगळ्या शीटवर ठेवा. पाळीसाठी ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ हे दोनच शब्द चालतील अशी यादी डेटा व्हॅलिडेशनमधून लावा, म्हणजे कोणी ‘सका.’ किंवा मागे एक जागा सोडून ‘सकाळ ’ लिहिणार नाही. आकडे टाकताना कीबोर्ड इंग्रजी आकड्यांवर ठेवा.

एवढं झालं की यादीत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा. यादीचं रीतसर टेबल होतं. फायदा हा की उद्या खाली नवी ओळ टाकली तर टेबल आपोआप वाढतं आणि पिव्हटला ती ओळ दिसते. हे न करता थेट पिव्हट केलं की पुढच्या आठवड्याच्या नोंदी बाहेरच राहतात आणि बेरीज कमी का येते हे लवकर उमगत नाही.

पहिलं पिव्हट

टेबलात क्लिक करा, वर ‘इन्सर्ट’ मध्ये जा, डावीकडेच ‘पिव्हट टेबल’ आहे. खिडकी उघडते, ती नवं शीट सुचवते, ओके म्हणा. त्याच खिडकीत खाली डेटा मॉडेलची एक टिक असते. ती सध्या करू नका, कारण पुढे लागणारी एक सोय त्यामुळे बंद होते.

नव्या शीटवर उजव्या बाजूला वर तुमच्या रकान्यांची नावं दिसतात आणि खाली चार चौकोन: फिल्टर्स, कॉलम्स, रोज, व्हॅल्यूज. यातला ‘रोज’ म्हणजे ओळींचा चौकोन. हे चार कळले की पिव्हट कळलं.

‘कोड’ धरून ओळींच्या चौकोनात ओढा. ‘लिटर’ धरून व्हॅल्यूजमध्ये ओढा. डावीकडे बघा, १४० ओळी आणि प्रत्येकासमोर त्याचं एकूण दूध. आता ‘पाळी’ धरून कॉलम्समध्ये ओढा. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, शेवटी एकूण. माझ्या जुन्या रात्रीचं काम एवढंच होतं.

एक खबरदारी. रकान्याच्या नावासमोर टिक करायचीही सोय आहे, पण कोडावर टिक केलीत तर एक्सेल बघतं की हे आकडे आहेत, आणि तो रकाना व्हॅल्यूजमध्ये टाकून सभासदांच्या कोडांचीच बेरीज करून ठेवतं. नवशिक्यांची पहिली दांडी इथे उडते. म्हणून टिक नको, धरून ओढा.

दुसरी नेहमीची तक्रार: लिटरची बेरीज येण्याऐवजी नुसता २० असा आकडा येतो. वर लिहिलेलं असतं ‘काउंट ऑफ लिटर’. म्हणजे त्याने बेरीज न करता नोंदी मोजल्या. याचा अर्थ त्या रकान्यात कुठेतरी आकड्याऐवजी मजकूर आहे, कोणीतरी ‘८.५ लि.’ किंवा ‘नाही’ असं लिहून ठेवलंय. आकड्यावर उजवी क्लिक करून ‘समराइझ व्हॅल्यूज बाय’ मधून ‘सम’ निवडता येतं, पण नुसतं ते करून पुढे जाऊ नका. मजकूर असलेली नोंद बेरजेत धरली जात नाही, त्या सभासदाचं तेवढं दूध गायब होतं. आधी तो सेल शोधा आणि दुरुस्त करा.

दिसण्याबद्दल एकच सांगतो. नावांच्या शीटवरून नाव टेबलात आणलं असेल आणि कोड व नाव दोन्ही ओळींच्या चौकोनात टाकले तर नाव कोडाच्या खाली येतं. ‘डिझाइन’ मध्ये ‘रिपोर्ट लेआउट’ खाली ‘टॅब्युलर फॉर्म’ आहे, तो निवडला की दोन्ही शेजारी बसतात. शेजारच्या ‘सबटोटल्स’ मधून उपबेरजा बंद करा.

आकड्यावर डबल क्लिक

पिव्हटमधली ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. बेरजेच्या कुठल्याही आकड्यावर डबल क्लिक करा, नवं शीट उघडतं आणि ती बेरीज ज्या नोंदींतून आली त्या सगळ्या नोंदी समोर येतात.

एकदा कोड ४७ समोर दहा दिवसांचे २४०.५ लिटर दिसले. त्या घरी दोन गाई आहेत, वेळेला आठ-साडेआठ लिटरच्या आसपास दूध येतं, म्हणजे वीस वेळांचे १६०-१७० लिटर व्हायला हवेत. डबल क्लिक केलं. वीस ओळी आल्या: ८.०, ८.५, ७.९, ८.२… आणि मध्येच एक ८५. नोंद करताना दशांशाचा टिंब सुटला होता. ७६.५ लिटर जादा, लिटरला ३५ रुपये धरले तरी २,६७७ रुपये ५० पैशांचा फरक. वहीवरून पडताळून ८.५ केलं, बेरीज १६४ वर आली.

नशीब की चूक जादा दुधाची होती, म्हणून डोळ्यात भरली. उलट ८.५ चं ०.८५ झालं असतं तर साडेसात-पावणेआठ लिटर कमी दिसले असते, आणि तेवढा फरक कोणाच्या लक्षात आला नसता. पैसे मात्र त्या घराचे गेले असते. म्हणून मी आता लिटर हा रकाना व्हॅल्यूजमध्ये तीनदा ओढतो. एकदा बेरीज, एकदा ‘मॅक्स’, एकदा ‘मिन’. सगळ्यात मोठी नोंद आणि सगळ्यात लहान नोंद शेजारी दिसली की असा टिंब लपत नाही.

डबल क्लिकने उघडलेलं शीट ही नुसती प्रत असते. दुरुस्ती तिथे नको, मूळ टेबलात करा आणि ते शीट काढून टाका.

सरासरी फॅट: इथे थांबा

सभासदाला बिलावर सरासरी फॅट बघायचं असतं. साहजिक वाटतं की फॅट व्हॅल्यूजमध्ये ओढावं आणि ‘ॲव्हरेज’ निवडावं. आकडा येतो, पण तो चुकीचा असतो.

रात्रीचं अंतर लांब असल्यामुळे सकाळी दूध जास्त निघतं आणि त्याला फॅट कमी लागतं. संध्याकाळी दूध थोडं, फॅट चढं. समजा एकाने सकाळी १२ लिटर घातलं, फॅट ३.४. संध्याकाळी ६ लिटर, फॅट ४.३. ‘ॲव्हरेज’ दोन आकडे मिळवून दोनने भागतं आणि ३.८५ सांगतं. पण सकाळचं दूध दुप्पट आहे, त्याचं वजनही दुप्पट धरायला हवं. १२ गुणिले ३.४ म्हणजे ४०.८, ६ गुणिले ४.३ म्हणजे २५.८, बेरीज ६६.६, भागिले १८ लिटर. खरी सरासरी ३.७.

पैसे नोंदीनोंदीवर निघत असल्यामुळे बिलाची रक्कम याने बिघडत नाही. पण गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरलेला असतो आणि त्यापुढे पॉइंटपॉइंटला (०.१ म्हणजे एक पॉइंट) बदलतो. कागदावर ३.८५ वाचलेला माणूस दरपत्रकाशी ताडून बघतो आणि त्याला वाटतं, आपल्याला दीड पॉइंट कमी लावला. त्याचा संशय रास्त असतो, कागद चुकीचा असतो.

उपाय दोन टप्प्यांत. मूळ टेबलात एक जादा रकाना करा, नाव द्या ‘गुणाकार’, आणि प्रत्येक ओळीत लिटर गुणिले फॅट. मग पिव्हटमध्ये क्लिक करून ‘पिव्हट टेबल ॲनालाइझ’ मध्ये ‘फील्ड्स, आयटम्स अँड सेट्स’ खाली ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ उघडा. (डेटा मॉडेलची टिक केली असेल तर हीच सोय बंद दिसते.) नाव द्या ‘खरे फॅट’, आणि सूत्रात ‘गुणाकार’ भागिले ‘लिटर’. रकान्यांची नावं टाइप करू नका, खालच्या यादीतून डबल क्लिकने घ्या. एक्सेल आधी गुणाकारांची बेरीज करतं, मग लिटरची, आणि मग भागतं. आपल्याला हवं तेच.

गुणाकाराचा रकाना मूळ टेबलातच का, इथे सूत्रात का नको, असं तुम्ही विचाराल. कारण कॅल्क्युलेटेड फील्ड नेहमी आधी बेरीज करतं. तिथे लिटर गुणिले फॅट लिहिलंत तर ते एकूण १८ लिटरला फॅटच्या बेरजेने, म्हणजे ७.७ ने गुणेल आणि १३८.६ असा अर्थ नसलेला आकडा देईल.

लिटरमागे सरासरी दरही असाच काढा: रक्कम भागिले लिटर. एसएनएफलाही फॅटसारखाच गुणाकाराचा रकाना लागतो.

दहा दिवसांचे गट

तारीख ओळींच्या चौकोनात टाका, एखाद्या तारखेवर उजवी क्लिक करा, ‘ग्रुप’ म्हणा. महिने, तिमाही, वर्षं असे पर्याय येतात. एक्सेल २०१६ पासून पुढे काही वेळा हे गट न विचारताच पडतात. नको असतील तर ‘अनग्रुप’. ‘या तारखांचा गट करता येत नाही’ असा निरोप आला तर वर सांगितलेला तारखेचा घोळ कुठेतरी शिल्लक आहे, किंवा एखादी तारीख रिकामी आहे.

दिवस निवडून १० आकडा दिला की दहा-दहा दिवसांचे गट पडतात, पण दूध बिलाला ते चालत नाही. १ ते १०, ११ ते २०, २१ ते ३० इथवर ठीक. महिना ३१ चा असेल तर पुढचा गट ३१ तारखेपासून सुरू होतो आणि तिथून सगळी बिलं एक दिवसाने सरकतात. त्यापेक्षा टेबलात ‘बिल’ नावाचा रकाना करा: दिवस १० पर्यंत असेल तर १, २० पर्यंत २, पुढचे सगळे ३. तो पिव्हटच्या फिल्टर्समध्ये टाका, महिन्याचाही असाच रकाना करून तिथेच. किंवा ‘इन्सर्ट स्लायसर’ मधून बटणं करून घ्या. माऊसची सवय नसलेल्या माणसालाही बटण दाबणं सोपं जातं.

बेरजेवर उजवी क्लिक करून ‘शो व्हॅल्यूज ॲज’ उघडलं की एकूण दुधात कोणाचा वाटा किती टक्के, मागच्या बिलापेक्षा किती वाढलं किंवा घटलं, हेही दिसतं. मागच्या बिलाशी तुलना मी दरवेळी बघतो. एखाद्याचं दूध एकदम निम्म्यावर आलं तर गाय आटली असेल, आजारी असेल, किंवा नोंदी चुकल्या असतील. फोन करायला कारण मिळतं.

रिफ्रेश

मूळ टेबलात बदल केला तरी एक्सेलमधलं पिव्हट आपणहून बदलेल यावर विसंबू नका. उजवी क्लिक, ‘रिफ्रेश’. कोड ४७ ची दुरुस्ती केल्यावर हे विसरलो असतो तर २४०.५ च छापलं गेलं असतं. छापायच्या आधी रिफ्रेश, ही सवय हाताला लावून घ्या. सगळ्या पिव्हटना एकदम करायचं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ५.

रिफ्रेशनंतर सगळ्यात खालची एकूण बेरीज टँकरच्या पावत्यांशी ताडून बघा. थोडाफार फरक सांडलवंडीचा आणि मापाचा असतो. पण एखाद्या अख्ख्या पाळीएवढा फरक असेल तर कुठली तरी पाळी टाकायची राहिली आहे. तारीख ओळींत आणि पाळी कॉलम्समध्ये टाकलीत की रिकामा चौकोन लगेच सापडतो.

गुगल शीट्समध्येही इन्सर्टमध्येच पिव्हट टेबल आहे आणि तिथे रिफ्रेश करावं लागत नाही. कॅल्क्युलेटेड फील्डही आहे, फक्त ‘समराइझ बाय’ मध्ये ‘कस्टम’ निवडून सूत्रात दोन्ही बेरजा स्वतः लिहाव्या लागतात: गुणाकाराची सम भागिले लिटरची सम. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्याचं पिव्हट साध्या बेरजांना पुरेसं आहे, पण कॅल्क्युलेटेड फील्ड नसल्यामुळे खरं फॅट पिव्हटच्या बाहेर, शेजारच्या रकान्यात भागून काढावं लागतं.

फाइल पाठवताना

पिव्हट असलेलं शीट कोणाला पाठवायचं असेल तर हे आधी वाचा. मूळ नोंदींचं शीट काढून टाकलं तरी पिव्हटच्या पोटात त्या सगळ्या नोंदींची प्रत राहू शकते, आणि समोरच्याने बेरजेवर डबल क्लिक केलं की सगळ्यांचं दूध, दर आणि रक्कम उघडी पडते. कोणाला किती पैसे मिळाले ही ज्याची त्याची घरची गोष्ट आहे. म्हणून पिव्हट निवडून कॉपी करा, नव्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, आणि तीच फाइल किंवा तिची पीडीएफ ग्रुपवर टाका. एका सभासदाला त्याचंच बिल द्यायचं असेल तर आधी फिल्टरमध्ये त्याचा कोड निवडा, मग कॉपी.